ग्रंथपालांना दहापैकी नऊ गुण

ती. आत्यास साष्टांग नमस्कार,

(नुसता कागदावरचा नव्हे. विद्यापीठाच्या प्रथमोपचार पथकात आल्यापासून जमिनीवर आडवं पडणं हा माझा निम्मा उद्योग झाला आहे.) तुझी तब्येत कशी आहे? 'बरी आहे' एवढ्यावर माझी बोळवण करू नकोस. माझा अभ्यास जोरात चालू आहे, असं बाबांना सांग. त्यांना बरं वाटेल.

तर, विद्यापीठाच्या आवारात कोणी चक्कर येऊन पडलं, कोणाचा पाय मुरगळला, की डॉक्टरांच्या आधी आम्ही विद्यार्थीच धावतो. रीतसर शिकलोय, लाल जॅकेटही मिळालंय (माझं इतकं ढगळ, की पळताना रुग्णापेक्षा मीच अत्यवस्थ दिसते). पंचाईत एवढीच, की महिनोन्महिने कोणी पडतच नाही. मग हात बसावा म्हणून आम्ही कधी आळीपाळीने स्वतःच पडतो, कधी नाट्यमंडळातल्या पोरांना खोटं आजारी पाडतो आणि त्यांनी मन लावून कण्हावं म्हणून अभिनयाला गुण देतो.

गेल्या आठवड्यात ग्रंथालयात असाच सराव होता. एक जण जिन्याखाली बेशुद्ध, एक जण कपाटाखाली चेंगरलेला आणि नाट्यमंडळाचा नायक स्ट्रेचरवर मृत (पाठांतर नको म्हणून भूमिका त्याने मागून घेतली होती). इतक्यात आमचे ग्रंथपाल, ज्यांना पान उलटल्याचाही आवाज खपत नाही, छातीवर हात ठेवून खाली बसले आणि म्हणाले, "अहो, मला खरंच बरं वाटत नाहीये." आत्या, आम्ही टाळ्या वाजवल्या! वाटलं, नाट्यमंडळाने यांनाही फितवलं. आमच्या पथकप्रमुखाने (आवाजामुळे त्याला सगळे भोंगा म्हणतात) घामाचं विशेष कौतुक केलं आणि नऊ गुण दिले. एक कापला, कारण छातीत दुखणारा माणूस "जरा हळू बोला" म्हणणार नाही, असं त्याचं मत. ते बिचारे "दुखतंय हो" म्हणत राहिले आणि आम्ही वाहवा करत राहिलो.

मी नियमाप्रमाणे नाडी धरली, तर ती भलतीच धावत होती, मध्येच अडखळत होती. नाडीला काही अभिनय येत नाही. मी ओरडले, "अरे, हे खरं आहे!" तर भोंगा म्हणतो, "वा, तूही छान करतेयस!" त्याचा हात ओढून नाडीवर ठेवला, तेव्हा तो पांढराफटक पडला. पुढची तारांबळ विचारू नकोस. रुग्णवाहिका बोलावली, पण स्ट्रेचरवरचा मृत उठेना. "शेवटपर्यंत हलायचं नाही, असं तुम्हीच सांगितलंय," म्हणाला. (मृताने एवढं बोलू नये.) शेवटी त्याला सरळ खाली ओतलं. दवाखान्यापर्यंत मी ग्रंथपालांचा हात धरून बसले होते. फार घाबरले होते गं मी.

ते वाचले. परवा आम्ही माना खाली घालून भेटायला गेलो, तर हसून म्हणाले, "सकाळपासून घरी सांगत होतो, कोणी मनावर घेतलं नाही. तुमच्याकडे निदान गुण तरी मिळाले." सगळे हसले. मला मात्र हसू येईना.

बाकी सर्व ठीक.
तुझी भाची

ता. क. बाबांना पत्र दाखवलंस तरी चालेल. टाळ्यांचा भाग तेवढा गाळ.

आणखी एक ता. क. काल बाबा फोनवर हसत सांगत होते, "तुझ्या आत्याची नाटकं पुन्हा सुरू झाली. आता म्हणे जिना चढताना दम लागतो, छाती भरून येते." हे पत्र घेऊन दारात उभा आहे तोच भोंगा. मी खाली गाडीत बसले आहे. वर आले असते, तर तू मला खायला घालून विषय बदलला असतास. डॉक्टर वाट बघताहेत. चप्पल घाल, त्याचा हात धर आणि सावकाश खाली ये. बाबांना नाटक वाटतंय तर वाटू दे. मला खरं वाटतं.