साय धरेपर्यंत

२ फेब्रुवारी

बोलतेय मी. घे लिहून.

भिंगरीने फोनमध्ये हे बसवून दिलंय. गोल बटण दाबायचं आणि बोलत सुटायचं. तो लिहितो, तारीखही तोच घालतो. मी पडले अंगठेबहाद्दर. त्याने काय लिहिलं ते मला जन्मात वाचता यायचं नाही — म्हणून तर एवढ्या भरवशाने बोलतेय! भिंगरीनेही वाचणार नाही असं कबूल केलंय. सकाळी तिच्यासमोर शिकताना एकदा चुकले तर म्हटलं, खोड ते. त्याने 'खोड ते' असंच लिहून ठेवलं म्हणे. राहू दे. जित्याची खोड तशीही जात नाही.

भिंगरी म्हणजे माझी नात. लेकीची लेक. लहानपणी एका जागी ठरायची नाही, म्हणून भिंगरी. आता दिवसभर एका स्टुलावर बसते आणि संध्याकाळी मान धरून घरी येते.

३ फेब्रुवारी

आज बोलायला विसरले. — हे सांगितलं, म्हणजे विसरले नाही.

५ फेब्रुवारी

तिला म्हटलं, एकदा नीट सांग, तू त्या प्रयोगशाळेत करतेस काय? शेजारणी विचारतात, मी 'मोठं काम आहे' म्हणून वेळ मारून नेते.

तर असं. बशीत तेल. तेलात पाण्याचे थेंब, मोहरीएवढे. काही थेंबांत लोखंडाची भुकटी घातलेली, पिठाहून बारीक. बशीखाली चुंबक. चुंबक सरकवला की वरचा थेंब त्याच्या मागोमाग, कोकरासारखा. असे थेंब हलवून हलवून ती एकाशेजारी एक लावते, रचते. आपलं अंग जसं बारीक बारीक कणांचं असतं, तसा अंगाचा खोटा तुकडा बनवायचा आहे म्हणे. पुढेमागे औषधं आधी त्याच्यावर तपासतील, मग माणसावर.

मी म्हटलं, अळवावरचं पाणी ऐकलं होतं. तेलातल्या पाण्याला हाकायला माणूस ठेवतात हे ठाऊक नव्हतं.

"आजी, चुंबकाची ओढ फार बेताची ठेवावी लागते," म्हणाली. ओढ! हा शब्द तू मला शिकवतेस होय गं.

दिवसभर पाण्यात पाहते, त्याचा पगार घेते. आईला मात्र फुकट पाण्यात पाहते. हे तिला म्हटलं नाही. तुला सांगितलं.

८ फेब्रुवारी

रविवार. लेकीचा फोन.

गुडघा विचारते, औषध विचारते, पाणी वेळेवर येतं का विचारते. सगळं विचारून झालं की थोडं थांबते, आणि म्हणते, "घरात बाकी सगळे बरे?" घरात माणसं दोन. एकीची चौकशी होऊन गेली. म्हणजे 'बाकी सगळे' कोण ते आंधळ्यालाही कळावं.

बरे आहेत सगळे, म्हटलं. समोर सगळे खिडकीत बसून नखं कापत होते. वर पाहिलं नाही.

९ फेब्रुवारी

कालचं डोक्यातून जाईना.

लेक कामासाठी दूर गेली तेव्हा भिंगरी नऊ वर्षांची. वर्षभराने घेऊन जाते म्हणाली. खोटं बोलली नव्हती — पण तिकडे एका खोलीत चार बायका, पोर ठेवायची कुठे? वर्षाला वर्ष लागत गेलं. स्वतःचं घर झालं तसं धावत आली न्यायला. तोवर ही पंधराची. मी बाजारात गेले होते. दार हिने उघडलं, आणि स्वतःच्या आईला म्हणाली, "तुम्ही बसा, आजी येईलच."

तुम्ही! आईला कुणी तुम्ही म्हणतं का? शिव्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं. मी आले तेव्हा लेक तशीच उभी. हातातली बॅग खाली ठेवलीच नव्हती. त्याच संध्याकाळी परत गेली.

त्यानंतर लेक आली की ही मैत्रिणीकडे राहायला जाते. मग लेकीने येणंच सोडलं. दोन हिवाळे झाले तिचं तोंड पाहून. फोनवर दाखवते, पण ते काय, खिडकीतून पाहुणा बघावा तसं.

लेक म्हणजे दूध आणि नातवंड म्हणजे दुधावरची साय म्हणतात. खरं असेल. पण मला दूधही हवं आहे ना! साय चाखत बसलेली म्हातारी दिसते सगळ्यांना.

१२ फेब्रुवारी

भिंगरीच्या साहेबीणबाईंनी तिचं नाव पुढे पाठवलं होतं. मोठ्या संस्थेत बोलावलंय, दोन वर्षांसाठी. तिथे चुंबक हाताने सरकवत नाहीत, यंत्र सरकवतं.

गाव कुठलं, म्हटलं. तिने सांगितलं. लेकीचं गाव!

मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "मी नाही म्हणून कळवणार आहे. तिथे ती राहते."

आता खरं सांगते. मला आनंद झाला. गुडघ्याने परवानगी दिली असती तर उडी मारली असती. ही राहणार, संध्याकाळी मान धरून घरी येणार, चहात साखर जास्त म्हणून कुरकुरणार. मग जेवताना मनात आलं. मुलीला आईचं अख्खं गाव नको झालंय, आणि मी उड्या कसल्या मारतेय?

१५ फेब्रुवारी

युक्ती सुचली. महिनाअखेरीला प्रयोगशाळेत घरच्या माणसांनी येऊन बघायचा दिवस आहे. लेकीला म्हटलं, तू सकाळच्या बसने ये, फाटकाशी उभी राहा, मी हिला हाताला धरून आणते. दोघींना एका खोलीत घातलं, दार लावलं, की एकदाचं काय व्हायचं ते होईल. रडतील, भांडतील, गळ्यात पडतील.

लेकीने रजेचा हिशेब केला. मग म्हणाली, येते.

भिंगरीला पत्ता नाही. मी दिवसभर गुणगुणतेय. ती म्हणते, आजी, तुला काय झालंय?

१९ फेब्रुवारी

आज फजिती.

महिनाअखेरीच्या त्या दिवसाची रंगीत तालीम होती. साहेबीणबाई म्हणाल्या म्हणे, ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही असं माणूस आणा, त्याला समजलं तर सगळ्यांना समजेल. भिंगरीने मला नेलं. एवढी लायकी ठरवून कुणी मला आजवर कुठे नेलं नव्हतं.

खोली थंड, पांढरी. चपला बाहेर, पायांत निळ्या पिशव्या. टेबलावर बशी, आणि बशीतलं मोठं करून दाखवणारा पडदा. दोन थेंब, तगारीएवढे दिसत होते. एक काळपट, त्यात लोखंड. एक पिवळा. भिंगरीने बशीखाली हात घातला, चुंबक सरकवला. काळा थेंब निघाला. थोडा पुढे, थांबला. परत थोडा पुढे. नव्या नवरीसारखा. पिवळ्याशी जाऊन टेकला, आणि एकदम फुटून दोघांचा एकच झाला! काळा-पिवळा, एकच गोळा!

मी टाळ्या वाजवल्या. "जमलं गं बाई!" म्हणून ओरडलेसुद्धा.

कुणीच हललं नाही. साहेबीणबाई छताकडे पाहायला लागल्या. मागचा तंत्रज्ञ तोंडावर हात धरून बाहेर गेला. भिंगरी माझ्या कानाशी आली.

"आजी, बिघडलं ते."

म्हटलं, बिघडलं कसं? एक झाले की!

"एक व्हायचं नाहीये त्यांना. एक झाले की दोन्ही गेले."

मग मला बसवून सांगितलं. थेंबांनी नुसतं शेजारी टेकायचं असतं. याचं पाणी यात, त्याचं त्यात. मधे एक पडदा, जिथे टेकले तिथे. इतका पातळ की डोळ्याला दिसणारही नाही. त्याला बारीक भोकं पाडायची, की यातलं हळूहळू त्यात उतरतं. असे शेजारी शेजारी पुष्कळ टेकले की तुकडा तयार होतो. सगळे मिसळले तर काय, डबकं.

मग आता का फुटले, विचारलं.

"माझी घाई झाली. तेलात सोडल्यावर थेंबाला एकटंच बसू द्यावं लागतं. त्याच्या अंगावर त्याचं त्याचं कातडं चढतं. ते धरायच्या आत ओढलं की असं होतं."

म्हणजे साय, म्हटलं. साय धरू द्यायची.

"हो. साय," म्हणाली. हसली नाही.

दुसऱ्यांदा केलं तेव्हा दोन थेंब सोडून आम्ही नुसत्या बसून राहिलो. काही करायचं नाही हेही काम असतं, आणि तेच मला जड जातं. मग तिने काळा थेंब आणला. टेकला. मी डोळे मिटून घेतले. उघडले तर दोघे तसेच, खांद्याला खांदा लावून. पिवळा रंग पलीकडे जातो का बघत बसले, काही कळेना. उठून पाणी पिऊन आले. तर काळ्याच्या एका कडेला पिवळं उजळलेलं.

घरी येताना बोलले नाही. तिला वाटलं, मला टाळ्यांची लाज वाटली.

२० फेब्रुवारी

लेकीला फोन लावला. येऊ नकोस म्हटलं.

"मी रजा काढली होती, आई," म्हणाली.

मी म्हटलं, माहीत आहे. आणखी काय म्हणणार? नवीन चप्पलही घेतली होती तिने. ते आपणहून सांगितलं नाही, माझ्या विचारण्यातून निघालं.

२१ फेब्रुवारी

कालपासून स्वतःला बोल लावतेय. बोलावते काय, परतवते काय. दोन हिवाळ्यांनी दिसणार होती. नुसती फाटकाबाहेर उभी केली असती, भिंगरीला नसतं सांगितलं, लांबून बघून घेतलं असतं...

खोड ते.

२३ फेब्रुवारी

भाजी निवडता निवडता भिंगरीला म्हटलं, त्या संस्थेला नाही म्हणून कळवलंस का? नव्हतं कळवलं. म्हटलं, मग हो म्हण.

सुरी टाकली तिने. "तुला तिने सांगितलंय हे बोलायला," म्हणाली. मी म्हटलं, मला कोणी सांगून मी बोलले असते तर तुझे आजोबा सुखाने गेले असते.

"तिच्याकडे जा म्हणत नाही. भेट म्हणत नाही. आई म्हण असंही म्हणत नाही. तुझी खोली वेगळी, तिचं घर वेगळं. एका गावात राहा, एवढंच."

"त्याने काय होणार आहे?"

"काही नाही झालं तर काही नाही."

सुरी परत उचलून तिने उरलेली भाजी संपवली. मग म्हणाली, "आणि तू इथे एकटी?"

मी म्हटलं, एकटी कशी, फोन आहे ना माझं ऐकायला. तो उलट बोलत नाही, तेवढाच तुझ्यापेक्षा बरा.

२४ फेब्रुवारी

लेकीला सांगितलं, ती तुझ्या गावात येणार आहे. जाऊ नकोस, बोलावू नकोस, डबा पाठवू नकोस, कुणाकडून निरोप देऊ नकोस.

"मग मी काय करू?"

राहा, म्हटलं.

९ मार्च

गेली.

दोन बॅगा, एक उशी. उशी कशाला नेतेस म्हटलं, तिकडे उशा मिळत नाहीत? याच उशीवर झोप लागते म्हणे. बसमध्ये चढल्यावर मागे वळून पाहिलं नाही. बरं झालं. माझा चेहरा काही बघण्यासारखा नव्हता.

१० मार्च

सवयीने दोन कप चहा. दोन्ही मीच प्यायले. तिचा कमी साखरेचा.

१७ मार्च

भिंगरीचा फोन. संस्थेच्या वसतिगृहात खोली मिळालीय. खिडकीतून नुसती भिंत दिसते. यंत्र फार छान आहे, एका वेळी वीस चुंबक हलवतं, पण थेंबांना थांबू द्यावं लागतं ते लागतंच म्हणाली. लेक राहते त्या भागात जाणार नाही म्हणाली. मी विचारलं नव्हतं.

आता स्टूलही गेलं, मान धरणंही गेलं. संध्याकाळी जिन्यात पाय वाजले की अजून गॅस पेटवायला उठते. वरच्या मजल्यावरचा शिंपी असतो.

२२ मार्च

लेकीचा फोन. गुडघा, औषध, पाणी. थांबली. या खेपेला 'बाकी सगळे' म्हणाली नाही. म्हणाली, कामावर जाताना तिची बस त्या संस्थेवरून जाते. दुसऱ्या बसनेही जाता येतं, पण ती याच बसने जाते.

"उतरत नाही मी," म्हणाली.

मी म्हटलं, बरं करतेस. आणि फोन ठेवून भिंतीकडे तोंड करून बसले. हिच्याही आणि तिच्याही खिडकीत मला बसवलं असतं देवाने, तर काय त्याचं जाणार होतं?

२ एप्रिल

काही नाही.

९ एप्रिल

काही नाही. भिंगरीला ताप येऊन गेला, आता बरी आहे. लेकीला कळवू का? नाही कळवलं. जीभ दाताखाली धरून बसले.

१५ एप्रिल

कैफियत नाही, पण एकदा बोलून टाकते. शेजारीण म्हणाली, नातीला दूर धाडलंत, मन मोठं तुमचं. मन कसलं मोठं! रिकामं आहे, म्हणून मोठं दिसतं.

मला दोघी हव्या होत्या, एका खोलीत, माझ्यासमोर. आता दोघी एका गावात आहेत आणि मी तिथे नाही. हिशेब माझाच कच्चा.

३ मे

लेकीचा फोन, भर दुपारी. आज रविवार, पण तिची वेळ ही नव्हे. गुडघा नाही, औषध नाही, पाणी नाही. एकदम सुरू — "आई, ही कसली पोर वाढवलीस तू? ओला टॉवेल माझ्या गादीवर! सकाळपासून न्हाणीघर अडवून बसलीय. आणि बोललं की वर तोंड करून उत्तर!"

पोटभर ऐकलं. मग म्हटलं, "मला कशाला सांगतेस? तुझी मुलगी आहे, तूच बघ."