हॅलिवेलबाईंचं गेट आणि गुरुवारची बस

सौ. मेव्हिसताईस, धाकट्या क्लेमेंटचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो ना? भावजींचा खोकला ओसरला असेल. इकडे सगळं क्षेम, पण नुसतं क्षेम म्हणून भागणार नाही, कारण ताई, आम्ही जिंकलो! गुरुवारची बस वाचली.

आठवड्यातून एकदाच येते बिचारी, तीही बंद करायची असं बस कंपनीच्या साहेबांनी ठरवलं होतं. ती गेली असती तर डॉक्टर, औषधं, तुझी भेट, सगळंच तुटलं असतं. (शेजारचा मेंढपाळ डेरेक गाडीतून नेतो, पण वाटभर मेंढ्यांचे आजार ऐकवतो.) म्हणून साहेबांना बोलावून चर्चच्या हॉलमध्ये सभा भरली आणि गावाच्या वतीने बोलायला हॅलिवेलबाई उभ्या राहिल्या. त्याच, आपल्या शाळेतल्या, निबंधात ‘गेट’ दिसलं (कुंपणाचं नव्हे, ते इंग्रजी क्रियापद) की लाल शाईने खोडणाऱ्या. मिळणं, आणणं, होणं, पोहोचणं, कळणं, सगळ्या कामांना आपण यॉर्कशायरची माणसं हे एकच क्रियापद जुंपतो, हा शुद्ध आळस आहे, असं त्यांचं मत. गेल्या वर्षी मी आजारी होतो तेव्हा त्यांनी ‘गेट वेल’ छापलेलं कार्ड पाठवलं, त्यातलंही ‘गेट’ खोडून. (बरा झालो, पण जरा बिचकतच.)

तर बाईंनी सुरुवात केली: वृद्धांचे चिकित्सालयात आगमन, औषधांची प्राप्ती, स्वगृही प्रत्यागमन. साहेबांनी घड्याळ पाहिलं, कागद गोळा केले आणि म्हणाले, “छान बोलता हो आजी.” आजी! आमच्या बाईंना! मी मागून त्यांची बाही ओढली. “बाई, घरच्यासारखं बोला की!” बाईंनी छत्री जमिनीवर आपटली. “अहो साहेब, मी सकाळी उठायचं कशाला? डॉक्टरांकडे पोहोचायचं कसं? औषध आणायचं कसं, बरं व्हायचं कसं, अंधाराच्या आत घरी यायचं कसं? कळतंय का तुम्हाला?” ताई, प्रत्येक क्रियापदाच्या जागी गेट! एका दमात! हॉलमधले आम्ही सगळे त्यांचेच विद्यार्थी. आधी एकमेकांकडे पाहिलं, मग अशा टाळ्या पडल्या की साहेब कागदांसकट परत खाली बसले. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. बस चालू राहणार. बाही मी ओढली होती, हे भावजींना आवर्जून सांग.

तुझा विजयी भाऊ,
क्लेमेंट

ता. क. : साहेबांनी एक अट घातली आहे. बस भरलेली दिसली पाहिजे, नाहीतर वसंतात बंद. त्यामुळे येत्या गुरुवारपासून अख्खं गाव तुमच्या शहरात येणार आहे. काम कुणालाच नाही.

आणखी एक ता. क. : परतीची बस तीन तासांनी सुटते. बाजारातलं सार्वजनिक शौचालय कायमचं बंद झालंय, आणि आम्ही सगळे साठी ओलांडलेले. तुझं घर बरोबर थांब्यासमोर. चहा नको, ताई. फक्त मागचं दार उघडं ठेव. पहिला नंबर हॅलिवेलबाईंचा, तसा सभेत ठरावच झाला आहे.