पूर्वपक्ष तीन पानं

६ ऑक्टोबर

संपादकांनी आत बोलावलं. पुढच्या महिन्यापासून बातमीदारांनी फोटो आपणच काढायचे, आपणच नीट करायचे आणि बातमीसोबत धाडायचे. नीट करायला सॉफ्टवेअर लागतं. ते कोणतं घ्यायचं हे ठरवायचं काम — माझं!

‘मीच का?’

‘कारण बाई, तुम्हाला जे जमेल ते ऑफिसात कोणालाही जमेल.’

संस्कृतात एम.ए. झाल्यापासून माझा इतका नेमका गौरव कोणी केला नव्हता. अहवाल पंचवीस तारखेला द्यायचा.

७ ऑक्टोबर

सकाळी दात घासताना उलगडा झाला. बातमीदार फोटो काढणार, तर फोटोग्राफर काय करणार?

आमच्या फोटोग्राफरला सगळे उजेड म्हणतात. कुठेही गेला की पहिलं वाक्य ‘इथे उजेड नाही’. एकोणीस वर्षं आम्ही जोडीनं फिरतोय — माझी वही, त्याचा कॅमेरा. त्याचा करार दर एकतीस ऑक्टोबरला वाढतो. यंदा वाढेल की नाही हे माझ्या अहवालावर. मी म्हटलं ‘जमतं’, की उजेड घरी.

तेव्हा मला जमता कामा नये. हे काही अवघड नसावं.

९ ऑक्टोबर

पहिलं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, फुकटातलं. उघडलं तर चारी बाजूंनी बटणं. साठापर्यंत मोजली आणि सोडून दिलं. एक दाबलं, फोटो गायब. दुसरं दाबलं, परत आला, पण उलटा. उत्तम चाललंय!

१० ऑक्टोबर

अजून काहीच येत नाही. समाधान.

१२ ऑक्टोबर

दुसरं — मोबाइलवरचं. यात बटण एकच, ‘सुंदर करा’. नवऱ्याच्या फोटोवर दाबून पाहिलं. सुरकुत्या गेल्या, डोळ्यांखालच्या पिशव्या गेल्या, चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा गुळगुळीत.

‘हाच ठेव,’ नवरा म्हणाला. ‘खरा मी हाच.’

मूळ फोटो ‘कोणीतरी चोरून काढलेला’ आहे म्हणे. काढला मी होता, समोर उभं राहून.

१३ ऑक्टोबर

याच मोबाइलवाल्यात नको ती वस्तू पुसून टाकायची सोय आहे. बोट फिरवलं की गेली! रस्त्याचा एक फोटो घेतला आणि हौसेनं साफ केला — तारा, कचरापेटी, मधला विजेचा खांब. रस्ता आरशासारखा. उजेडला दाखवला.

त्यानं बराच वेळ पाहिला. ‘छान झालाय. बातमी काय होती?’

‘रस्त्याच्या मधोमध खांब उभा आहे म्हणून लोकांची तक्रार.’

‘मिटली मग.’

१५ ऑक्टोबर

घात झाला. परत त्या साठ बटणांच्या सॉफ्टवेअरकडे वळले होते, न जमायची खात्री म्हणून. त्यात ‘थर’ नावाचा प्रकार आहे. मूळ फोटोला हात लावायचा नाही. त्याच्यावर एक पारदर्शक थर घालायचा, बदल त्यात करायचा. त्यावर दुसरा. नको असेल तो झाकायचा. खालचं मूळ जसंच्या तसं.

अरे, हे तर आपलंच! आधी सूत्र, त्यावर भाष्य, भाष्यावर टीका, टीकेवर टिप्पणी — सूत्राला कोणी धक्का लावत नाही. आयुष्याची सात वर्षं दुसरं केलंय काय मी? तासाभरात अंधारी सभा उजळली, कललेली पाण्याची टाकी सरळ केली, कोपऱ्यात आलेलं कोणाचं तरी कोपर कापलं.

हात थांबेना. लाज वाटायला हवी होती. जेवताना वाटली.

१७ ऑक्टोबर

उजेड शेजारी येऊन बसला आणि न विचारता शिकवू लागला. ‘कडेनं नका कापू, शास्त्रीणबाई. माणूस ज्या दिशेला बघतोय तिकडे जागा सोडा. नाहीतर भिंतीला टेकल्यासारखा दिसतो.’

‘मला शिकवू नका हो.’

‘का?’

‘माहीत आहे तुम्हाला का ते.’

‘माहीत आहे.’ आणि माउस माझ्या हातातून काढून घेत, ‘पण वाईट शिकलात तर लोक विचारतील कोणी शिकवलं. थोडं डावीकडे.’

डावीकडे घेतलं. चांगलं दिसलं. काय करणार!

२० ऑक्टोबर

तिसरं राहिलंच होतं, दरमहा वर्गणीचं. चालवून पाहिलं. सर्वांत चांगलं तेच. नवशिक्याचा हात धरून चालवतं, चुकलं तर रागवत नाही. हे कोणाला सांगायचं नाही.

२४ ऑक्टोबर

अहवाल पूर्ण. अकरा पानं.

खोटं लिहिणार नव्हते. लिहायची गरजही नव्हती. संस्कृतच्या गुरुजींनी शिकवलेली रीत — आधी पूर्वपक्ष. समोरच्याचं म्हणणं त्याला स्वतःला मांडता येणार नाही इतकं जोरकस मांडायचं, आणि मग मुळापासून उपटायचं. म्हणून पहिली तीन पानं: वर्गणीचं सॉफ्टवेअर घ्यावंच, पंधरा दिवसांत येतं, फोटोग्राफर वेगळा लागत नाही. चौथ्या पानापासून खंडन: सॉफ्टवेअर फोटो सुधारतं, पण कुठे उभं राहायचं हे सांगत नाही. उदाहरणादाखल उजेडचे बारा आणि माझे बारा फोटो, शेजारी शेजारी. माझे सगळे नीट केलेले, तरी पडलेले.

गुरुजी असते तर मान डोलावली असती.

२६ ऑक्टोबर

फलकावर सूचना लागली: ‘बाईंच्या शिफारशीनुसार वर्गणीचे सॉफ्टवेअर घेण्यात येत आहे. छायाचित्रकाराचा करार वाढवण्यात येणार नाही.’

धावत आत गेले. ‘चौथं पान वाचलंत?’

‘चौथं कशाला? बातमी पहिल्या परिच्छेदात असते, हे नव्या लोकांना तुम्हीच शिकवता ना?’

शिकवते. एकोणीस वर्षं. आणि स्वतः मात्र गुरुकुलात शिरून बसले!

बाहेर उजेड सूचना वाचत उभा होता. ‘भाषा तुमची नाही वाटत,’ एवढंच बोलला.

२७ ऑक्टोबर

संपादकांसमोर खुर्ची ओढून बसले. ‘अकरावं पान होईपर्यंत उठणार नाही.’ त्यांनी वाचलं. दोनदा घड्याळ पाहिलं, मीही पाहिलं. शेवटी चष्मा काढला.

‘पटलं. फोटो काढणं बातमीदाराचं काम नव्हे.’

हुश्श!

‘हे फोटो नीट कोणी केलेत?’

‘मीच.’

‘सफाई आहे हाताला. बरं, आपल्या उजेडला चार ओळी लिहिता येतात का हो?’

‘येतात की! माझ्यापेक्षा नेमक्या. एकोणीस वर्षं माझ्या बातम्यांतल्या चुका तोच तर काढतो.’

आणखीही बरंच सांगितलं. ते टिपून घेत होते. इतकं मन लावून माझं कोणी ऐकलेलं आठवत नाही.

२८ ऑक्टोबर

फलकावरची सूचना काढून टाकली. उजेडनं चहा पाजला. कपबशीचा फोटो काढायला गेला आणि म्हणाला, ‘इथे उजेड नाही.’ दोघंही हसलो.

१ नोव्हेंबर

करार वाढला. बातमीदाराचं एक पद कमी झालं — माझं. आता मी आत बसून आलेले फोटो नीट करायचे. माझ्या भागातले फोटो आणि बातम्या, दोन्ही उजेड आणणार.

दुपारी त्याची पहिली बातमी आली. वर चिठ्ठी: ‘शास्त्रीणबाई, जरा बघता?’

बघितली. चूक एकही नव्हती. एक शब्द बदलला, उगाच.