डाव्या मडगार्डची पाटी

रविवार, संध्याकाळ. रहाटणी.

डोकं अजून तापलेलंच आहे. आमच्या क्लबच्या जुन्या गाड्या आज चाकणजवळच्या कृषी प्रदर्शनात मांडल्या होत्या. माझ्या अँबॅसिडरपुढे अध्यक्षांनी पाटी लावली, ‘डावं मडगार्ड मूळचं नाही.’ अरे, मूळचं गंजून गळून पडलं! कंपनीत तीस वर्षं पत्राच ठोकला मी. हे मडगार्डही घरामागे वाळूच्या पोत्यावर ठोकून मीच घडवलं. तरी अध्यक्षांची पाठ वळताच ती पाटी उलटी करून ठेवली. का? लाज कसली वाटली मला?

एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने पाटी सुलटी करून वाचली. मडगार्डवरून हात फिरवत म्हणाला, “मूळचं न्हाई, मग केलं कुणी?”

“मी.”

“मग त्ये लिवा की हितं!”

तिथल्या तिथे खडूने लिहिलं, ‘मी हाताने घडवलंय.’ पाटी दिवसभर सुलटी.

निघताना अध्यक्ष बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “राव, माझ्या गाडीचं मडगार्डही गेलंय. करून द्याल? फक्त कुणाला बोलू नका.”

म्हटलं, “देतो की. पण तुमच्या गाडीपुढची पाटी मी लिहिणार.”