ह्यांच्या आठवणीसाठी बंद

प्रिय भाऊजी,

तुमचा निरोप काल वाचला. तुमच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या नव्या आवृत्तीत इंटरनेटच्या पत्त्यांची ती नवी पद्धत बंदच ठेवणार, ह्यांच्या आठवणीसाठी, आणि तुमच्या ऑफिसात सगळ्यांनी लगेच मान डोलावली. वाचून डोळे भरून आले. मग काहीतरी खुपायला लागलं आणि तेव्हापासून एका जागी बसवत नाही. धुतलेल्या कपबशा पुन्हा धुतल्या. खिडकी उघडली, लावली, परत उघडली.

हे गेल्यापासून माझ्याशी कुणी वाद घालत नाही. माझ्या हातच्या मिठाला जन्मभर नावं ठेवणाऱ्या नणंदबाई आता आळणी भाजीसुद्धा छान झाली म्हणून खातात. आमच्या कवळ्यांच्या लॅबमध्ये परवा मी एका बाईंच्या पुढच्या दाताची छटा चुकवली. शेजारच्या दातांपेक्षा चांगलाच पांढरा झाला. एरवी मालकांनी लॅब डोक्यावर घेतली असती. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि दात डबीत घातला. मीच तो बाहेर काढून पुन्हा केला. दुःख माझं आणि दात त्या बाईंच्या तोंडात, हे काही बरोबर नव्हे.

तुम्हा दोघांचं भांडण आमच्या जेवणाच्या टेबलाशी ऐकून ऐकून मला पाठ झालंय. तुमच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ती नवी पद्धत मुळातच चालू असावी की बंद, एवढाच मुद्दा. हे म्हणायचे, बंद असू दे, ज्याला हवी तो करील. लोकांकडे जुने राउटर आहेत. संगणक आधी नव्या रस्त्याने निघतो, अडकतो, मग जुन्या रस्त्यावर येतो, आणि पडद्याकडे बघत बसलेल्या म्हाताऱ्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. तुम्ही म्हणायचात, जुने पत्ते संपत आलेत, एकेका पत्त्यावर अख्ख्या गल्ल्या कोंबल्यात. ज्याला कळत नाही तो कधीच चालू करणार नाही, आणि कुणीच केली नाही तर राउटर बदलणार कोण? हे तुम्हाला गडबड्या म्हणायचे, तुम्ही ह्यांना हातब्रेक. तुम्ही गेलात की हे येरझारा घालत तुमच्या मुद्द्यांना उत्तरं शोधायचे, आणि एखादं सापडलं की स्वयंपाकघरात येऊन मलाच ऐकवायचे. मी आपली पोळीवरून नजर न काढता हं म्हणायची.

तुम्हाला कधी बोलले नाही, पण मला तुमचंच पटायचं. ह्यांना ते ठाऊक होतं. दवाखान्यात शेवटी शेवटी मी म्हटलं, आता तरी माना की. आवाज पार खोल गेला होता, तरी हसले. म्हणाले, "मी मानलं, तर तो भांडायला येईल कशाला?"

म्हणून लिहिते आहे. मरून वाद जिंकणं ह्यांना मुळीच रुचलं नसतं. ती पद्धत चालू करा, भाऊजी. त्या म्हाताऱ्याचा संगणक अडणार नाही तेवढं बघा, कारण ह्यांचा तो मुद्दा खरा होता. आणि रविवारी घरी या. ह्यांची बाजू मी घेईन. मला सगळं पाठ आहे, सहजासहजी ऐकणार नाही. तुम्हीही गप्प बसून मान डोलावू नका. ते आता मला सोसत नाही.

वाट पाहणारी,
तुमचीच वहिनी