डाव्या सीटचं बक्कल

सोमवार, ३ मार्च

आलो एकदाचे! नवं घर बघून ही खूश आहे, कारण स्वयंपाकघराला दोन खिडक्या आहेत. मी खूश आहे, कारण मागे पत्र्याची शेड आहे आणि बाबांची गाडी तिच्यात माप घेतल्यासारखी बसली. गाडी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. बाबा जाऊन सहा वर्षं झाली, पण ती अजून पहिल्या चावीला सुरू होते. माझ्याबद्दल ही असं कधीच म्हणत नाही.

ही वही गाडीच्या खणात राहणार. पेन्सिल दोरीने बांधली आहे. वीजमीटर तपासण्याच्या खात्यात वीस वर्षं काढल्यावर माणूस एवढं शिकतो, की मोकळी पेन्सिल दुसऱ्याची असते.

काम एकच. आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय आणि १९ तारखेला ती दवाखान्यातून इथे येणार. गाडीची पुढची सीट म्हणजे सलग बाकडं. स्प्रिंगा वर आलेल्या, मान टेकायला काही नाही, पट्टा तर नाहीच. डॉक्टर म्हणाले, पाठीला पक्का आधार आणि पट्टा हवाच. आई म्हणाली, येईन तर ह्यांच्याच गाडीतून येईन. या दोघांपुढे माझं काय चालणार? नव्या गाडीच्या दोन सीटा मोडीतून आणून बसवायच्या असं ठरवलं आणि आईला फोनवर शब्द दिला, "तुझी सीट तयार ठेवतो."

गुरुवार, ६ मार्च

मोडीच्या गाड्यांच्या आवारात गेलो. मालकांना सगळे काका म्हणतात. चष्म्याची एक काडी तारेची, पण हात सोन्याचा. एका नव्याकोऱ्या गाडीचा पुढून चेंदामेंदा झाला होता, सीटांना मात्र ओरखडा नव्हता. काळ्या, बटणावर पुढेमागे सरकणाऱ्या, शिवाय बसणाऱ्याचं माप लक्षात ठेवणाऱ्या. मी तिथेच हरखलो.

काकांची एक पद्धत आहे. सीट काढण्याआधी ते पट्ट्याचं बक्कल स्वतःच्या हाताने उघडतात, "सुटलं" म्हणतात आणि मगच पाना लावतात. उजवी सीट तशी निघाली. डावीकडे घोडं पेंड खायला लागलं. पट्टा कापून आतल्या माणसाला बाहेर काढलं होतं आणि पट्ट्याचा तुकडा बक्कलात तसाच अडकलेला. काका म्हणाले की रात्रभर तेल सोडतो, उद्या या. बंद बक्कलाची सीट त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून आवाराबाहेर गेलेली नाही. मी म्हटलं, बक्कल मला नकोच आहे, मी नवं लावणार. तासभर हुज्जत घातली. शेवटी ते फोन घ्यायला आत गेले तेव्हा मीच चार बोल्ट काढले आणि सीट टेम्पोत चढवली. बाहेर येऊन त्यांनी पाहिलं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "उघडल्याशिवाय बसवू नका."

रविवार, ९ मार्च

नाकी नऊ आले. जुन्या गाडीची भोकं एकीकडे, नव्या सीटचे पाय दुसरीकडे. पट्ट्या कापल्या, पुन्हा भोकं पाडली, तीही अर्धा इंच चुकली. सीटखाली अकरा वायरी, त्यातल्या सात कशाच्या ते देव जाणे. खालचा गालिचा कापायला हिची चांगली कात्री घेतली, त्यावरून घरात वेगळं रामायण. ती कात्री आता शेडच्या फळीवरच पडून आहे, कारण ही ती परत घ्यायला तयार नाही.

जुनं बक्कल काही उघडेना. तेल झालं, पकड झाली, शिव्या झाल्या. अख्खंच काढून बोल्टांच्या डब्यात फेकलं आणि नवं बक्कल, नवा पट्टा लावला. बझरही जोडला. पट्टा न लावता कुणी बसलं तर तो वाजतो. आई पट्टा विसरणार हे ठरलेलं.

मंगळवार, ११ मार्च

बझर वाजतोय. सीट रिकामी आणि बझर चालू! दोन तास वायरी तपासल्या. दुसऱ्यांचे मीटर तपासून पोट भरणाऱ्याला स्वतःचा जोड सापडू नये, याची लाज वाटते. चिडून रिकाम्या सीटवरच पट्टा लावला, तर गप्प झाला. काढला की पहिले पाढे पंचावन्न.

गुरुवार, १३ मार्च

हिला बसवून पाहिलं. सीट आपोआप थोडी सरकली आणि ही ताडकन उठली. सीट गरम आहे म्हणाली. आणि कुणाच्या तरी मांडीवर बसल्यासारखं वाटलं म्हणे. मी हसलो. गरम करणारी तार आत असते, तिला शास्त्र सांगितलं. ती म्हणाली, शास्त्र तुमच्याजवळ ठेवा, आईंना त्यावर बसवू नका.

नंतर पाहिलं. ती तार मी जोडलेलीच नाही.

शनिवार, १५ मार्च

बझरची वायर कापली. वाजतोच आहे. बॅटरी काढून पाहिली, तरी वाजतोच; परत बसवली. तळपायाची आग मस्तकात गेली. चार दिवस राहिलेत आणि मी एका पिपाणीशी भांडतोय. पट्टा लावला की गप्प.

पण पट्टा सीटला टेकत नाही. मधे वीतभर फुगून उभा राहतो. नवा आहे, ताठ असेल. हाताने दाबला. दबला नाही.

रविवार, १६ मार्च

गाडी डावीकडे कललेली. चाकांत हवा सारखीच आहे. स्प्रिंगही ठीक आहेत. सीट रिकामी —

आज दुपारी पट्टा वर होत होता, खाली होत होता. अगदी सावकाश. मी माझा श्वास रोखून पाहिला. माझा नव्हता.

मला भीती वाटते आहे. लिहून टाकलं. बस.

सोमवार, १७ मार्च

काकांना फोन केला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "माणूस बाहेर काढला, पण सीटने सोडला नव्हता. सोडवायचा तर बक्कल उघडावं लागतं, तेही दुसऱ्याने." पट्टा कापून उपयोग नसतो म्हणाले. सीट आणि जुनं बक्कल, दोन्ही घेऊन या. तोवर तिच्यावर कुणी बसायचं नाही.

एक दिवस थांबलो असतो तर.

मंगळवार, १८ मार्च

टेम्पो उद्याच मिळतोय. जुनं बक्कल उघडायचा पुन्हा प्रयत्न केला. बोटं सोलली. नाही.

आईचा फोन. सीट तयार आहे ना, असं विचारत होती. हो म्हणालो. काय सांगणार?

बुधवार, १९ मार्च, सकाळ

ही भाड्याची गाडी घेऊन दवाखान्यात गेली. आई रुसली, मग एका अटीवर तयार झाली. उतरल्याबरोबर आधी बाबांच्या गाडीत बसणार, मगच घरात येणार. म्हणजे त्याआधी सीट बाहेर हवी. पुढचे दोन बोल्ट निघाले. मागचे दोन सीटखाली. सीट पुढे सरकली तरच पाना पोचतो. बटण दाबलं की मोटर कण्हते, सीट हलत नाही. ही बसली तेव्हा हलली होती. वजन हवं. काका नको म्हणाले, पण दुसरा मार्ग नाही. मिनिटाचं काम —

१९

सरकली. पुढे नाही, मागे.

पट्टा मी लावला नव्हता. लागलाय. बक्कल दाबतो — उघडत नाही. कात्री फळीवर, चार हातांवर. हात फक्त खणापर्यंत जातो. म्हणून लिहितो.

डब्यात खट् झालं. बोल्टांच्या डब्यात. जुनं बक्कल उघडलं.

माझं नाही.

माझ्याखालून कुणीतरी उठून गेलं, मला त्याच्या जागी ठेवून. गाडी डावीकडून वर आली. मी बसलेला असून वर —

सीट सरकतेय. माझ्या मापाची होतेय.

फाटक. आई आली. ओरडतोय. ही शेडच्या दारात, मला हाका मारतेय. माझ्याकडे बघून हाका मारतेय —

आईने दार उघडलं. हात सीटवर ठेवला. माझ्या छातीवर.

"तयार ठेवतो म्हणाला होता, ठेवली बघ. गरम आहे अजून. आत्ताच उठलाय वाटतं."

ही म्हणते, पट्टा लावूनच ठेवलाय, कमाल आहे. बक्कल दाबतेय. अजून दाब. जोरात दाब गं —

अडकलंय म्हणाली. आई उभी आहे, पाठ दुखतेय तिची, थांबायला वेळ नाही म्हणाली. ही फळीकडे गेली.

कात्री नको. कापू नको. मीही अशीच घाई — काकांना बोलाव, आधी बक्कल उघ