प्रसूतिकक्ष : चालू

४ ऑगस्ट

समितीची पहिली बैठक अकरा मिनिटांत आटोपली. मी घड्याळ बघूनच बसले होते. दवाखान्याच्या कारभारावर नागरिकांची नजर राहावी म्हणून ही समिती — आणि नजर कशावर, तर बिस्किटांच्या बशीवर! शिंपीकाका, किराणावाले, आणि अध्यक्ष म्हणून निवृत्त मास्तर. मास्तर प्रत्येक वाक्याला मान डोलावतात. मनातल्या मनात मी त्यांना 'होयबा' म्हटलं. मग वाईट वाटलं. बाराखडी त्यांनीच शिकवली मला.

हेडक्लार्कनी तिमाही प्रमाणपत्र पुढे सरकवलं. "करा सही, मॅडम." मी वाचायला लागले तर म्हणाले, "वाचताय होय? तुमच्या आई सहा वर्षं होत्या या जागेवर. कध्धी त्रास नाही!"

आईला वाचता येत नाही. महिला सदस्य लागते म्हणून तिला बोलवायचे. ती जायची, हजेरीचा अंगठा लावून यायची. आता घरातली पहिली शिकलेली मी, म्हणून तिची खुर्ची मला.

सहावा मुद्दा : प्रसूतिकक्ष — चालू.

चालू? वहिनीला सातवा लागलाय. सिस्टरनी तिला परवाच सांगितलं, इथं बाळंतपण होत नाही, मोठ्या रुग्णालयात जा. ते चाळीस किलोमीटरवर!

सही केली नाही. कागद तसाच परत सरकवला.

९ ऑगस्ट

खोली बघायला गेले. किल्ली शिपायाकडे. शिपाई जेवायला गेलेला. जेवून आला तर किल्ली हेडक्लार्ककडे. हेडक्लार्क म्हणाले, "बघू या." तिसऱ्यांदा! आता त्यांचं नावच बघूया.

चार वाजता कुलूप निघालं. बाळंतपणाच्या टेबलावर फायलींचे गठ्ठे, बाजूला तीन पायांच्या खुर्च्या, आणि एक सायकल. सायकल! सिस्टर कानाशी लागल्या — "मी बदलून आले तेव्हापासून हे असंच. माझं नाव घेऊ नकोस हं, बाई." मी एकेक वस्तू वहीत उतरवली. बघूया म्हणाले, "ताई, सायकल माझी आहे. तेवढी राहू द्या."

लिहिली.

१० ऑगस्ट

सायकलीचा रंग लिहायचा राहिला. सकाळपासून चुटपुट. शेवटी खिडकीतून बघून आले. हिरवा.

२२ ऑगस्ट

जिल्हा कार्यालयाला तक्रार पाठवली. सहा वेळा कच्ची लिहिली. शेवटचं वाक्य आयत्या वेळी सुचलं : 'गेल्या सहा वर्षांत खोट्या प्रमाणपत्रावर सही देणाऱ्या प्रत्येकाची चौकशी होऊन कारवाई व्हावी.' फार आवडलं मला ते. आईला वाचून दाखवलं. ती इस्त्री करता करता म्हणाली, "होऊ दे की. खोटं बोलतात मेले!"

६ सप्टेंबर

तक्रार परत आली. तीन प्रती हव्यात. तीन नेल्या, तर टेबल चुकलं. दुसऱ्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "हे आरोग्यात येतं की समित्यांमध्ये, ते आधी ठरू द्या." कोण ठरवणार? "तेच तर ठरायचंय."

घरी दादा म्हणाला, "तू खोली उघडवशील तोवर बाळ शाळेत जायला लागेल." वहिनी हसली नाही.

१९ सप्टेंबर

चौकशी लागली!!

२४ सप्टेंबर

चौकशीची नोटीस आली. आईच्या नावानं.

सोबत सहा वर्षांच्या प्रमाणपत्रांच्या चोवीस छायाप्रती. प्रत्येकीवर 'प्रसूतिकक्ष — चालू'. खाली शिंपीकाकांची सही, किराणावाल्यांची, मास्तरांची वळणदार. आणि एक अंगठा. तो हजेरीचा नव्हताच.

सहा कच्च्या प्रती! स्वल्पविरामसुद्धा तपासले मी. 'प्रत्येकाची' म्हणजे आईचीही, हे एकदाही डोक्यात आलं नाही. एरवी त्या कार्यालयाला साधं उत्तर द्यायला वर्ष लागतं. हे मात्र पाच दिवसांत!

२७ सप्टेंबर

बघूयांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. इतका गोड बोलणारा माणूस पाहिला नव्हता. "हे बघा ताई. आई म्हणाल्या खोली बंद होती, तर सहा वर्षं खोटं प्रमाणित केलं त्यांनी. फौजदारी होते. म्हणाल्या चालू होती, तर तुमची तक्रार निकाली. कुणाला काही नाही. बाकीचे तिघं चालूच म्हणणार आहेत."

आणि खोली? "बघू या."

बाहेर मास्तर उभे होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरी, मी वाचून सही करत होतो. तुझ्या आईचं तसं नाही. तिला वाचव."

आता त्यांना काय म्हणायचं? होयबा म्हणणार?

१ ऑक्टोबर

आईला सगळं सांगितलं. तिनं हातातल्या शर्टाची कॉलर पुरी केली. मग म्हणाली, "लिही की मग. खोली बंद होती. मला कागद कुणी वाचून दाखवला नाही. यात खोटं काय आहे?"

"आई, तुला धरून नेतील."

"नेऊ देत. नेऊन काय करतील? इस्त्री करून घेतील!" एकटीच हसली. मग हळूच — "माझ्या अंगठ्यानं बंद राहिली ना ती खोली? मग माझ्याच अंगठ्यानं उघडू दे. पोरगी अवघडलीय."

वहिनीचे पाय सुजलेत. मला म्हणाली, "वन्सं, जाऊ द्या ना." म्हणजे काय जाऊ द्यायचं? तक्रार की आई? विचारायचा धीर झाला नाही.

दादा माझ्याशी बोलत नाही.

५ ऑक्टोबर

चौकशी अधिकारी म्हणाले, बाईंना लिहिता येत नसेल तर घरच्या कुणी जबाब लिहून दिला तरी चालेल. त्यांनी सांगायचं, तुम्ही लिहायचं, खाली त्यांचा अंगठा. परवा अकरा वाजता.

वकिलाला विचारलं. "काही सांगता येत नाही," म्हणाला. तेवढं तर मलाही येतं!

७ ऑक्टोबर

जबाब दिला. आईनं सांगितला, मी लिहिला. अंगठा लावण्याआधी ती म्हणाली, "आता वाच बघू." मी वाचलं — खोली बंद होती, मला कागद कुणी वाचून दाखवला नाही. सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

"असं वाचून दाखवणारं तेव्हा कुणी असतं तर!" म्हणाली, आणि अंगठा लावला.

कागदावर मी लिहिलं होतं — खोली चालू होती.